विजेच्या मोटारीची पंधरा वर्षे

विजेवर चालणारी मोटार घेताना किंमत आणि पल्ला हे दोनच प्रश्न प्रामुख्याने विचारले जातात. मोटारीची नोंदणी मात्र पंधरा वर्षांची असते आणि बॅटरीची हमी बहुधा आठ वर्षांची. मधल्या सात वर्षांचे काय, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर बॅटरीच्या रसायनात जेवढे आहे, तेवढेच मालकाच्या रोजच्या सवयींतही आहे.

मध्यमवर्गीय कुटुंबात घरानंतरची सर्वांत मोठी खरेदी म्हणजे मोटार. पेट्रोलची मोटार घेतल्यावर तिचे वय कसे वाढते, हे आता सर्वांच्या परिचयाचे झाले आहे. पाचव्या वर्षी क्लच, सातव्या वर्षी सस्पेन्शन, दहाव्या वर्षी इंजिनाची कुरकुर असा तो क्रम असतो. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्यालाही तो ठाऊक असतो. विजेच्या मोटारीचे म्हातारपण मात्र वेगळे आहे. ती धूर सोडत नाही, आवाज करत नाही. तिचा पल्ला हळूहळू आखूड होत जातो. हे आखूड होणे किती आणि किती वेगाने, यावरच तिचे दीर्घकाळचे अर्थशास्त्र उभे आहे.

भारताला हा अनुभव अगदीच नवा नाही. बंगळुरूमध्ये तयार झालेली ‘रेवा’ ही छोटी मोटार २००१ मध्ये रस्त्यावर आली. तिच्यात सहा व्होल्टच्या आठ शिसे-आम्ल बॅटऱ्या असत आणि एकदा चार्ज केल्यावर ती सुमारे ८० किलोमीटर चाले. त्या बॅटऱ्यांत वेळोवेळी पाणी घालावे लागे आणि काही वर्षांनी संपूर्ण संच बदलावा लागे. विजेची मोटार म्हणजे दर थोड्या वर्षांनी बॅटरीचा मोठा खर्च, ही समजूत त्या काळात रुजली. आजच्या मोटारींत लिथियम-आयन बॅटरी असते आणि तिचे गणित निराळे आहे. समजूत मात्र बऱ्याच अंशी जुनीच राहिली आहे.

बॅटरी म्हातारी कशी होते?

लिथियम-आयन बॅटरी दोन प्रकारे झिजते. पहिली झीज वापरामुळे होते. प्रत्येक वेळी चार्ज आणि डिस्चार्ज होताना लिथियमचे आयन एका विद्युतअग्राकडून दुसऱ्याकडे जातात. त्या ये-जा करण्यात आतील द्रव्य किंचित फुगते, आकसते आणि कालांतराने त्याला सूक्ष्म भेगा पडतात. दुसरी झीज केवळ काळामुळे होते. मोटार नुसती उभी असली, तरी ग्रॅफाइटच्या विद्युतअग्रावर एक पातळ थर वाढत राहतो आणि तो थोडेथोडे लिथियम कायमचे अडकवून ठेवतो. जेवढे लिथियम अडकले, तेवढी साठवणक्षमता घटली.

या दोन्ही झिजांना वेग देणारे घटक तीन : उष्णता, अतिउच्च चार्ज आणि वारंवारचे जलद चार्जिंग. त्यांतही उष्णता सर्वांत घातक.

याचा सर्वांत बोलका दाखला अमेरिकेतील ॲरिझोना राज्याने दिला. निसान कंपनीची ‘लीफ’ ही मोटार २०१० च्या अखेरीस बाजारात आली. तिच्या २४ युनिट क्षमतेच्या बॅटरीला थंड करणारी द्रवप्रणाली नव्हती. फीनिक्सच्या वाळवंटी उन्हाळ्यात या मोटारींची क्षमता अपेक्षेपेक्षा पुष्कळच लवकर घटू लागली आणि २०१२ मध्ये ग्राहकांच्या तक्रारी न्यायालयापर्यंत गेल्या. अखेर कंपनीने हमीची व्याप्ती वाढवली. पाच वर्षे किंवा ६० हजार मैल यांच्या आत क्षमतादर्शकावरील बारांपैकी नऊपेक्षा कमी रेघा उरल्या, तर बॅटरी दुरुस्त करून किंवा बदलून देण्याचे तिने मान्य केले. चंद्रपूर, नागपूर, अकोला किंवा जळगावच्या वाहनधारकाने हा इतिहास लक्षात ठेवावा असा आहे, कारण तिथला मे महिना फीनिक्सची आठवण करून देणारा असतो.

या घटनेतून उद्योग शिकला. आज बहुतेक मोटारींच्या बॅटरीभोवती शीतक द्रव फिरता ठेवला जातो. त्याचा परिणाम आकड्यांत दिसतो. वाहनांच्या माहितीचे विश्लेषण करणाऱ्या कॅनडातील जिओटॅब या कंपनीने २०१९ मध्ये काढलेली सरासरी घट वर्षाला २.३ टक्के होती; २०२४ च्या विश्लेषणात ती १.८ टक्के आढळली. त्याच २०१९ च्या अभ्यासात द्रवशीतन असलेल्या २०१५ च्या टेस्ला मॉडेल एस मोटारीची घट वर्षाला २.३ टक्के, तर ते नसलेल्या त्याच वर्षीच्या लीफची ४.२ टक्के होती. म्हणजेच मोटार निवडताना बॅटरी किती मोठी, याइतकाच ती थंड कशी ठेवली जाते, हा प्रश्नही महत्त्वाचा आहे.

वर्षाला दोन टक्के घट धरली, तर दहा वर्षांनी सुमारे ८० टक्के क्षमता उरते. प्रत्यक्ष रस्त्यावर २०० किलोमीटर जाणारी मोटार तेव्हा १६० किलोमीटर जाईल. शहरातल्या शहरात रोज ४० किलोमीटर फिरणाऱ्याला हा फरक जाणवणारही नाही. मुंबई-पुणे असे सुमारे १५० किलोमीटरचे अंतर एका दमात कापणाऱ्याला मात्र तो प्रत्येक फेरीत जाणवेल.

दोन रसायने, दोन पथ्ये

सध्या मोटारींत प्रामुख्याने दोन प्रकारच्या लिथियम बॅटऱ्या वापरल्या जातात. निकेल, मँगेनीज व कोबाल्ट यांवर आधारित ‘एनएमसी’ हा पहिला आणि लोह व फॉस्फेट यांवर आधारित ‘एलएफपी’ हा दुसरा. एनएमसी बॅटरी कमी वजनात अधिक वीज साठवते. एलएफपी वजनाने भारी असते. पण ती उष्णतेत अधिक स्थिर राहते आणि चार्ज-डिस्चार्जची अधिक आवर्तने सोसते. भारतात विकल्या जाणाऱ्या अनेक मोटारींत एलएफपी बॅटरी आहे. जानेवारी २०२० मध्ये आलेल्या टाटा नेक्सॉनच्या ३०.२ युनिटच्या बॅटरीतही हेच रसायन होते.

दोघींची पथ्ये मात्र सारखी नाहीत. एनएमसी बॅटरी रोजच्या वापरात ८० टक्क्यांपर्यंतच भरावी आणि लांबच्या प्रवासाआधीच पूर्ण भरावी, असे सांगितले जाते. एलएफपी बॅटरीचा व्होल्टेज बराच काळ जवळपास सारखाच राहतो. त्यामुळे आत नेमकी किती वीज उरली आहे, याचा अंदाज मोटारीच्या संगणकाला सहज येत नाही. अधूनमधून ती १०० टक्के भरली, तर संगणकाचा हिशेब जुळतो आणि निरनिराळे सेलही समपातळीवर येतात. म्हणून अशा मोटारींच्या पुस्तिकेत ठरावीक काळाने पूर्ण चार्जिंग करण्याची सूचना असते. आपल्या मोटारीत कोणते रसायन आहे, हे न पाहता शेजाऱ्याचा सल्ला पाळणे त्यामुळेच योग्य नव्हे. अशा वेळी पुस्तिकेतील सूचनाच प्रमाण मानावी.

काही पथ्ये दोघींनाही लागू आहेत. बॅटरी वारंवार शून्याजवळ नेऊ नये. भर दुपारी लांबून आल्याबरोबर चार्जर जोडण्याऐवजी मोटार सावलीत निवू द्यावी. पहाटेचे चार्जिंग उत्तम. महिनाभर गावी किंवा परदेशी जायचे असल्यास मोटार पूर्ण भरून वा पूर्ण रिकामी ठेवू नये. साधारण निम्मी भरलेली ठेवावी.

चार्जिंग : घरचे आणि बाहेरचे

विजेच्या मोटारीचे दीर्घायुष्य आणि तिची काटकसर ही दोन्ही घरच्या चार्जिंगवर अवलंबून आहेत. घरातील १५ अँपिअरच्या सॉकेटमधून सुमारे तीन किलोवॉट वीज मिळते. त्या गतीने ३० युनिटची बॅटरी पूर्ण भरण्यास दहा तास लागतात. हे ऐकून पुष्कळांचा धीर सुटतो. परंतु रोज ४० किलोमीटर फिरणाऱ्या मोटारीला सहा-सात युनिट पुरतात आणि तेवढी भर दोन-अडीच तासांत पडते. भिंतीवर बसवायचा ७.२ किलोवॉटचा चार्जर हेच काम तासाभरात करतो.

येथे घाई करून चालत नाही. इस्त्री किंवा गिझर काही मिनिटे चालतात. मोटार तासन् तास पूर्ण भार ओढते. जुन्या वायरिंगमध्ये सैल झालेला एखादा स्क्रू किंवा काळवंडलेला सॉकेट एवढा वेळ तापत राहिला, तर आगीचा धोका संभवतो. म्हणून मीटरपासून स्वतंत्र तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी, गळती ओळखून प्रवाह तोडणारे उपकरण आणि खात्रीचे अर्थिंग या चार गोष्टींवर पैसे वाचवू नयेत. एक्स्टेंशन बोर्ड लावून मोटार चार्ज करणे तर कटाक्षाने टाळावे. घराचा मंजूर भार अपुरा असल्यास तो वीज कंपनीकडे अर्ज करून वाढवून घ्यावा.

खरी अडचण असते ती गृहनिर्माण संस्थांत. मीटर एका खोलीत, पार्किंग दुसऱ्या टोकाला आणि मधल्या भिंती सर्वांच्या मालकीच्या. मग ‘आज एकाला परवानगी दिली, तर उद्या सगळे मागतील’ या वाक्यापाशी सभा थांबते. या आक्षेपात तथ्यही आहे. इमारतीचा एकूण विद्युतभार मर्यादित असतो आणि वीस मोटारी एकाच वेळी चार्जिंगला लागल्या, तर तो पुरणार नाही. मात्र यावरचा उपाय नकार हा नसून नियोजन हा आहे. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मालकाला घराच्या अथवा कार्यालयाच्या सध्याच्या वीजजोडणीवर मोटार चार्ज करण्याची मुभा आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये आदर्श इमारत उपविधींत दुरुस्ती होऊन नव्या इमारतींतील २० टक्के पार्किंगसाठी चार्जिंगची सोय सुचवली गेली आणि महाराष्ट्राच्या २०२१ च्या धोरणातही नव्या इमारतींबाबत अशीच दिशा होती. जुन्या इमारतींनी एकदाच विद्युत अभियंत्याकडून भारतपासणी करून घ्यावी, केबलचा एकच मार्ग ठरवावा आणि रात्रीच्या वेळा वाटून घ्याव्यात, हे वादापेक्षा स्वस्त पडते.

विजेच्या दराचाही बारकाईने विचार हवा. वर्षाला १५ हजार किलोमीटर धावणारी मोटार, चार्जिंगमधील गळती धरून, सुमारे अडीच हजार युनिट घेते. म्हणजे महिन्याला दोनशेच्या वर. ही भर घरगुती मीटरवर पडली, की कुटुंब वरच्या दरटप्प्यात जाते आणि मोटारीची वीज वाटली होती त्यापेक्षा महाग पडते. राज्य वीज नियामक आयोगाने चार्जिंगसाठी स्वतंत्र वर्ग ठेवला आहे. त्या वर्गातील वेगळी जोडणी आपल्याला परवडेल का, याचा हिशेब प्रत्येकाने आपल्या देयकावरून मांडावा. स्वतःचे छप्पर असणाऱ्यांना आणखी एक वाट आहे. तीन किलोवॉटचा सौरसंच आपल्या हवामानात दिवसाला सरासरी बारा युनिटच्या आसपास वीज देतो, तर मोटारीची रोजची गरज सहा-सात युनिटची असते.

महामार्गावरील जलद चार्जर ही प्रवासातील सोय आहे, रोजची सवय नव्हे. ते बॅटरीला थेट आणि मोठा प्रवाह देतात; त्यामुळे तापमान वाढते. ८० टक्क्यांनंतर मोटार स्वतःच वेग कमी करते. म्हणून शेवटच्या २० टक्क्यांसाठी रांग अडवून ठेवण्यात ना स्वतःचा फायदा, ना मागच्याचा. गणपतीला कोकणात जाताना हा विवेक विशेष उपयोगी पडतो. शिवाय तेथील वीज घरच्यापेक्षा बरीच महाग असते.

घाटातील एक धडा

सह्याद्री ओलांडणाऱ्यांनी एक गोष्ट समजून घ्यावी. प्रवाशांसह सोळाशे किलो वजनाची मोटार साडेपाचशे मीटर उंच चढवायची, तर केवळ चढासाठी सुमारे अडीच युनिट वीज लागते. सपाट रस्त्यावर तेवढ्यात पंधरा-सोळा किलोमीटर अंतर कापले असते. त्यामुळे बोरघाट चढताना पल्ल्याचा आकडा भराभर उतरतो. त्यात मोटारीचा दोष नाही. उतरताना मोटर जनित्रासारखी काम करते आणि त्यातील काही वीज परत मिळते. मात्र बॅटरी आधीच १०० टक्के भरलेली असेल, तर ही वीज साठवायला जागाच नसते. मग पुनर्निर्मितीचा ब्रेक नेहमीसारखा लागत नाही आणि सारा भार साध्या ब्रेकवर येतो. लोणावळा किंवा महाबळेश्वर येथे मुक्काम करून सकाळी घाट उतरणाऱ्याने बॅटरी थोडी रिकामी ठेवूनच निघावे.

देखभाल कमी, पण शून्य नव्हे

विजेच्या मोटारीत इंजिन ऑइल, स्पार्क प्लग, क्लच, सायलेन्सर यांपैकी काहीही नसते. त्यामुळे वार्षिक देखभालीचा खर्च पुष्कळच कमी होतो. यावरून ‘हिला काही करावेच लागत नाही’ असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे आहे.

टायर हा पहिला मुद्दा. बॅटरीमुळे मोटार जड असते आणि पॅडल दाबताक्षणी पूर्ण जोर चाकांवर येतो. जोरदार सुरुवात करण्याची हौस असलेल्यांचे टायर त्यामुळे लवकर झिजतात. ब्रेकची गोष्ट याउलट आहे. मोटरच वेग कमी करत असल्याने ब्रेक पॅड दीर्घकाळ टिकतात. परंतु वापर कमी झाल्याने, विशेषतः कोकणच्या दमट हवेत, डिस्कवर गंज चढतो. अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर ब्रेक नीट दाबणे आणि दर पावसाळ्यानंतर ते तपासून घेणे हिताचे. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते; तेही पुस्तिकेनुसार बदलावे लागते.

दुसरी दुर्लक्षित वस्तू म्हणजे बारा व्होल्टची छोटी बॅटरी. मोटारीचे कुलूप, दिवे, संगणक आणि मोठ्या बॅटरीला जोडणारा स्विच हे सारे तिच्यावर चालतात. ती उतरली, तर मोठी बॅटरी पूर्ण भरलेली असूनही मोटार जागची हलत नाही. काही हजार रुपयांच्या या बॅटरीचे वय लक्षात ठेवून ती वेळेत बदलली, तर भररस्त्यातील मनस्ताप टळतो. बॅटरीभोवतीच्या शीतक द्रवाची पातळी आणि प्रत हाही असाच दुर्लक्षित विषय. त्यात साधे पाणी कधीही घालू नये.

पाऊस आणि पूर यांची भीती अनेकांना वाटते. चांगल्या मोटारींच्या बॅटरीला ‘आयपी ६७’ दर्जा असतो. म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकण्याची चाचणी तिने दिलेली असते. ही चाचणी नव्या पेटीची असते, खालून दगड लागून चेपलेल्या जुन्या पेटीची नव्हे. मोटारीचा तळ जोरात आपटला, तर बाहेरून काही दिसले नाही तरी तपासणी करून घ्यावी. पुरात अडकलेली मोटार चालू करण्याचा किंवा चार्जिंगला लावण्याचा मोह टाळावा. आणि बॉनेटखालच्या नारिंगी वायरींना कोणीही हात लावू नये. त्यांत जीवघेणा, शेकडो व्होल्टचा दाब असतो.

हमीनंतरची सात वर्षे

आता मूळ प्रश्नाकडे यावे. भारतातील बहुतेक मोटारींना आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यांपैकी जे आधी होईल तोवर, बॅटरीची हमी देण्याचा प्रघात पडला. अलीकडे काही कंपन्यांनी काही मोटारींवर पहिल्या मालकासाठी आजीवन हमी जाहीर केली आहे, तर सप्टेंबर २०२४ मध्ये एमजी विंडसर ही मोटार बॅटरीचे भाडे प्रतिकिलोमीटर देण्याच्या पर्यायासह आली. हे स्वागतार्ह असले, तरी हमीपत्रातील बारीक अक्षरे वाचलीच पाहिजेत. क्षमता किती टक्क्यांखाली गेल्यावर हमी लागू होते, मोटार विकल्यावर ती दुसऱ्या मालकाला मिळते का आणि अधिकृत केंद्रातील एखादी सर्व्हिस चुकली तर काय, ही ती तीन कलमे.

हमी संपली म्हणजे बॅटरी संपली असे नव्हे. दर वर्षी दोन टक्क्यांची घट कायम राहिली, तर पंधराव्या वर्षीही सुमारे ७० टक्के क्षमता उरेल. बिघाड झालाच, तर बॅटरीची पेटी अनेक विभागांची बनलेली असते आणि पुष्कळदा त्यांतील एखादाच विभाग दुबळा झालेला असतो. तो बदलून काम भागू शकते. मात्र असे काम करणारे प्रशिक्षित कारागीर आज मोठ्या शहरांपलीकडे विरळच आढळतात. सांगली, लातूर किंवा गोंदियाच्या ग्राहकाने खरेदीपूर्वी आपल्या जवळचे केंद्र बॅटरीची पेटी उघडते की केवळ पुण्या-मुंबईला पाठवते, हे विचारून घ्यावे.

पैशांचा हिशेब असा मांडता येतो. वर्षाला १५ हजार किलोमीटर, पेट्रोलच्या मोटारीचे सरासरी लिटरला १५ किलोमीटर आणि पेट्रोल १०० रुपये लिटर धरल्यास वर्षाचा खर्च एक लाख रुपये. विजेचे अडीच हजार युनिट दहा रुपये दराने २५ हजार रुपये. बचत ७५ हजार. आठ वर्षांत सहा लाख. तेच सारे चार्जिंग बाहेर वीस रुपये दराने केले, तर बचत ५० हजारांवर येते. आणि मोटार वर्षाला जेमतेम पाच हजार किलोमीटर धावली, तर घरच्या विजेवरही ती २५ हजारच उरते. दुसऱ्या बाजूला, ब्लूमबर्ग एनईएफच्या पाहणीनुसार बॅटरीची जागतिक सरासरी किंमत २०२४ मध्ये युनिटमागे ११५ डॉलर होती. या दराने ३० युनिटची बॅटरी सुमारे तीन लाख रुपयांची होते. ही उत्पादकांच्या पातळीवरची किंमत आहे. ग्राहकाच्या हाती पडेपर्यंत तीत बरीच भर पडते. तरीही २०१० च्या सुमारास हीच किंमत युनिटमागे हजार डॉलरच्या वर होती, हे विसरता येत नाही.

या हिशेबातून निष्कर्ष स्पष्ट निघतो. ज्याच्याकडे घरी चार्जिंगची खात्रीची सोय आहे आणि ज्याची मोटार रोज धावते, त्याला हमीनंतरच्या बिघाडाचा धोका बचतीतून पेलता येतो. त्यासाठी दरमहा वाचणाऱ्या रकमेतील काही भाग बाजूला टाकण्याची शिस्त मात्र हवी. ज्याची मोटार रविवारीच बाहेर निघते आणि ज्याला चार्जिंगसाठी दर वेळी दुसऱ्याच्या दारात जावे लागते, त्याने घाई न करणेच बरे.

वापरलेली मोटार घेणाऱ्याने तर रंग आणि किलोमीटर यांवर भुलू नये. बॅटरीच्या उरलेल्या क्षमतेचा अधिकृत केंद्राचा अहवाल, सर्व्हिसची नोंद आणि हमीच्या हस्तांतराची लेखी खात्री, या तीन कागदांवाचून व्यवहार करू नये. मोटारीतून उतरलेली बॅटरीही टाकाऊ नसते. ७० टक्के क्षमतेची बॅटरी सौरवीज साठवण्यास पुष्कळ वर्षे उपयोगी पडू शकते. आणि २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी ती परत घेऊन पुनर्वापर करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे.

बॅटरीची घट थांबवणे कोणाच्याच हाती नाही. उष्णता टाळणे, सावकाश चार्जिंगवर भर देणे आणि पुस्तिकेतील सूचना पाळणे एवढेच मालकाच्या हाती आहे. नोंदणीच्या पंधराव्या वर्षी मोटार कामाची राहील की अंगणात अडगळ होईल, हे बव्हंशी पहिल्या दोन-तीन वर्षांत लागलेल्या सवयींवर ठरते.